एकवीस इंचांचा मासा

तीर्थन खोरं, जिल्हा कुल्लू
२ मार्च २०२४

प्रिय कुमुदवहिनी,

हिमालयाच्या पायाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरचा तुम्हाला आणि तन्वीला नमस्कार.

काल ट्राउटचा हंगाम उघडला. बर्फाचं पाणी उतरू लागलंय, आणि माझ्या होमस्टेच्या गच्चीतून नदीकडे पाहिलं की दर वेळी मला आपला शाम कमरेपर्यंत पाण्यात उभा दिसतो. सोळा एप्रिलला त्याला जाऊन वर्ष होईल. तुम्ही मायलेकी तेव्हा चंदीगडपर्यंत आलात, तिथेच सगळं उरकलं आणि तिथूनच परत गेलात. ज्या नदीवर त्याने अकरा वर्षं जीव लावला ती तुम्ही पाहिली नाहीत, याची मला फार रुखरुख आहे.

म्हणून मी एक संकल्प सोडला आहे. झुलत्या पुलाखालच्या डोहाला ‘शामकांत डोह’ असं नाव द्यायचं आणि काठावर स्लेटच्या दगडाची पाटी बसवायची. मजकूर असा: ‘येथे शामकांत चौबळ यांनी आपल्या अखेरच्या संध्याकाळी एकवीस इंचांचा ट्राउट पकडला आणि सन्मानाने नदीला परत दिला.’

वहिनी, तो क्षण मी कसा विसरू! मावळतीचं सोनं पाण्यावर सांडलेलं. शामने हात भिजवले, मासा अलगद धरला, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, आणि त्याने शेपटी हलवताच हात सैल सोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “निशी, आता काही बाकी नाही.” खडकावर बसला, डोळे मिटले. मी शेजारीच होतो. असं मरण ऋषींनाही मिळत नाही.

दोन गोष्टी. एक, त्याची नोंदवही माझ्याकडेच राहिली होती. आवराआवरीत सापडली, ती सोबत पाठवतो. शेवटचं पान जरूर वाचा. दुसरी, त्याची ती बांबूची गळाची काठी, जी मी चंदीगडला तुमच्याकडे दिली होती, ती एप्रिलच्या आत पाठवू शकाल का? जेवणघरात काचेच्या पेटीत लावायची आहे. पाहुण्यांना प्रेरणा मिळेल.

तुमचा,
निशिकांत


क्वीन्सटाउन, सिंगापूर
२० मार्च २०२४

निशिकांत भाऊजींना नमस्कार.

पत्र, वही आणि वहीत दाबलेली देवदाराची काडी, तिन्ही पोचली. इथे लोणच्याची बरणी अडवतात. काडी कशी सुटली कोण जाणे.

तन्वी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आई, जस्ट व्हॉट्सॲप अंकल लाह. हू स्टिल राइट्स लेटर्स?” मी म्हटलं, फोनवर तुझा अंकल रडतो, आणि रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. कागदावर रडलं की शाई फुटते, म्हणून माणूस जरा आवरून लिहितो. तिला पटलं नाही. ती तुआसला बंदरात कामाला जाते, तिला कंटेनर वेळेवर सुटल्याशी मतलब.

आता पाटीबद्दल. आम्ही रेवदंड्याची माणसं. आमच्याकडे पकडलेला मासा कोणी परत सोडला तर आधी वैद्य बोलावतील, मग देवऋषी. माझं लग्न बोटीवरच्या इंजिनियरशी झालं, तेव्हा माझ्या आईला वाटलं की जावई समुद्रावरचा, म्हणजे निदान पापलेटाची ददात पडणार नाही. त्या जावयाने उतारवयात हे शोधून काढलं. विमानाचं तिकीट काढायचं, दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, बर्फासारख्या पाण्यात चार तास उभं राहायचं, पिसाच्या खोट्या माशीने खऱ्या माशाला फसवायचं, आणि मग त्याची माफी मागून त्याला घरी पाठवायचं. मी एकदा विचारलं, “त्या माशाला कळतं का, तुम्ही इतक्या लांबून त्याची माफी मागायला येता?” तर म्हणाला, “कुमुद, गळाचा काटासुद्धा घासून गुळगुळीत केलेला असतो.” म्हणजे उपकारच.

इथे नदी नाही म्हणून तो आमच्या ब्लॉकखालच्या गवतावर दोरी फेकायची तालीम करायचा. रविवारी सकाळी, टोपी घालून. पाणी नाही, मासा नाही, आणि एक साठीचा माणूस गवतावर दोरी फेकतोय, ओढतोय, पुन्हा फेकतोय. तिसऱ्या मजल्यावरची गोह आंटी बाजारातून येताना थांबायची. “अंकल, कॉट ऑलरेडी?” हा गंभीरपणे म्हणायचा, “टुडे वॉटर टू लो.” आंटी मान हलवून पुढे जायची. तो गेल्यावर ती मला लिफ्टमध्ये भेटली आणि काही न बोलता चार संत्री देऊन गेली. इथल्या कुठल्याही भाषणापेक्षा मला ती बरी वाटली.

त्याचे रबरी पायघोळ, ते छातीपर्यंतचे वेडर, अजून स्टोअररूममध्ये उलटे टांगलेले आहेत. दर महिन्याला मी त्यांच्यात वर्तमानपत्राचे बोळे भरते. दमट हवेत रबर चिकटतं. ते कोण घालणार आहे, हे मला विचारू नका; तन्वीने विचारून झालंय.

काठीचं नंतर बघू. काचेच्या पेटीत ठेवायला ती काही आजारी नाही.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या पत्रात सोनं आहे, ऋषी आहेत, पण घड्याळ नाही. चंदीगडलाही तुम्ही मला हेच सांगितलंत, तेव्हा मला ऐकूच येत नव्हतं. आता येतं. त्या दिवशी तुम्ही दोघं किती वाजता निघालात, कुठे उभे होतात, त्याला काय झालं, तुम्ही काय केलंत, ते क्रमाने लिहा. इंजिन बंद पडल्यावर कंपनीला लिहितात तसं. मला त्याचा शेवटचा तास हवाय, भाऊजी. बाकीचे सगळे माझ्याकडे आहेत.

कुमुद


तीर्थन खोरं
६ एप्रिल २०२४

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून हसलो आणि रडलोही. तुमची जीभ शाम म्हणायचा तशीच आहे, गंज न चढणारी.

तुम्ही क्रम विचारलात. आम्ही चारच्या सुमारास निघालो. पाणी आरशासारखं. पुलाखाली पोचलो. साडेपाचला त्याच्या दोरीला असा काही झटका बसला की काठी धनुष्यासारखी वाकली. पंधरा मिनिटं झुंज चालली. मी जाळी घेऊन धावलो. काय तो मासा! सोनेरी अंग, त्यावर लाल ठिपके, सहज तेवीस इंच असेल. शाम ओरडला, “निशी, बघ, बघ!” वर पुलावरून जाणाऱ्या बायकासुद्धा थांबून टाळ्या वाजवू लागल्या. मग त्याने तो सोडला, खडकावर बसला, आणि शांतपणे गेला. वेदना म्हणून नाही. मी त्याचा हात हातात धरला होता. याहून अधिक काय लिहू? शब्द अपुरे पडतात.

पाटी कोरून आली आहे. फोटो सोबत आहे. खालच्या कोपऱ्यात मासा कोरलाय. कारागिराने कधी ट्राउट पाहिलेला नसल्यामुळे तो थोडा मगरीसारखा झालाय, पण भाव उतरला आहे. सोळा तारखेला बसवायचा विचार होता, पण तुमचा होकार आल्यावरच बसवीन म्हणतो. काठीचंही मनावर घ्या.

तुमचा,
निशिकांत


क्वीन्सटाउन
२५ एप्रिल २०२४

निशिकांत भाऊजी,

मासा वाढतोय. मार्चमध्ये एकवीस इंच होता, एप्रिलमध्ये तेवीस झाला. पाटीवर कोरलाय म्हणून बरं, नाहीतर पावसाळ्यापर्यंत पुलात अडकला असता. टाळ्या वाजवणाऱ्या बायकाही गेल्या पत्रात नव्हत्या. त्यांना बोलावल्याबद्दल आभार.

सोळा तारीख गेली. तन्वीने सुट्टी घेतली होती. आम्ही बमबोट म्हणतात त्या छोट्या होडीने पुलाउ उबीन बेटावर गेलो, कारण त्याला तिथला धक्का आवडायचा. एक माणूस धक्क्यावर बसून मासे पकडत होता आणि सरळ बादलीत टाकत होता. तन्वी म्हणाली, “पप्पा वुड स्कोल्ड हिम लाह.” आम्ही दोघी हसलो. मग बराच वेळ हसलो नाही.

घरी आल्यावर मी वही पुन्हा वाचायला घेतली. मी शाळेत मॅट्रिकपर्यंतच गेले, हे तुम्हाला माहीत आहे. पण इथल्या लायब्ररीत माझं कार्ड तेवीस वर्षांचं आहे, आणि पुस्तक एकदा हातात घेतलं की मी ते ओळीओळीने वाचते, कारण मला भरभर येत नाही. वही तशीच वाचली. अकरा वर्षांत एकशे अठरा मासे. ते वाचून मला काय दिसलं ते सांगते.

त्याने प्रत्येक नोंद इंजिनरूमच्या लॉगसारखी केलीय. वेळ चोवीस तासांची. पाण्याचं तापमान एका दशांशापर्यंत: ९.४, ११.७, १०.३. माशाची लांबी सेंटिमीटरमध्ये. शेरा एका ओळीत. ‘मासा रागावलेला. मीही.’ ‘दोरी झाडात. दोष झाडाचा नाही.’ ‘निशी पडला. इजा नाही. मासे मात्र गेले.’ 

आणि मग शेवटची नोंद, एकशे एकोणिसावी. वेळ: सायंकाळी साडेपाच. तापमान: १२. लांबी: २१ इंच. शेरा: ‘अविस्मरणीय!’

भाऊजी, तुमच्या मित्राने छत्तीस वर्षांत उद्गारचिन्ह वापरलं नाही. तन्वी झाली तेव्हा बोटीवरून तार आली होती, ‘वार्ता कळली. आनंद झाला.’ एवढीच. तो मासा पाहून त्याला ते चिन्ह सुचलं असेल, तर मला त्या माशाचा मत्सर वाटला पाहिजे.

बोटीवर कनिष्ठ इंजिनियर खाली न उतरता केबिनमध्ये बसून लॉग कसा भरतात, ते त्यानेच मला सांगितलंय. आकडे सगळे गोल, पूर्ण, शहाण्यासारखे. तो चिडायचा. म्हणायचा, “यंत्र कधी गोल आकडा देत नाही, कुमुद. गोल आकडा दिसला की समजायचं, माणूस तिथे नव्हता.”

हस्ताक्षर कोणाचं, हे मी विचारत नाही. तुमच्या सहा पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, लग्नाच्या आहेराच्या पाकिटासकट. मी एवढंच विचारते: त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

पाटी बसवू नका.

कुमुद


क्वीन्सटाउन
२ जून २०२४

निशिकांत भाऊजी,

पाच आठवडे झाले. मी पोस्टात जाऊन विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, “हिमाचल मेल नॉर्मल, मॅडम.” म्हणजे डोंगर कोसळलेला नाही.

तुम्ही मला वाचवताय असं तुम्हाला वाटत असेल. वाचवू नका. वर्षभर मी दुपारी भांडी घासताना तो तास मनात तयार करते. कधी तो हाका मारतो, कधी पाण्यात वाहून जातो, कधी तासभर तडफडतो. माझ्याकडे निदान चाळीस शेवट आहेत आणि सगळे तुमच्या शेवटापेक्षा वाईट आहेत. खरा त्यातल्या कुठल्याही एकाहून वाईट असणं अवघड आहे.

आणि खरा माझ्याहून तुम्हाला वाईट असेल, तर तेही लिहा. मी काही पाटीवर कोरणार नाही.

कुमुद


तीर्थन खोरं
२४ जून २०२४

वहिनी,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली.

मी तिथे नव्हतो.

दुपारी ट्वेंटी-ट्वेंटीचा सामना होता. तीन दिवसांच्या पावसानंतर पाणी निवळलं होतं. शाम चारला तयार होऊन दारात आला. म्हणाला, “निशी, चल, आज पाणी चांगलंय.” आमचा नियम आहे, होमस्टेच्या भिंतीवर मीच लावलाय: साठीच्या पुढच्या माणसाने नदीवर एकट्याने जायचं नाही. मी म्हटलं, “गुडघा दुखतोय, तू हो पुढे, दहा षटकांनी येतो.” गुडघा दुखत नव्हता. तो म्हणाला, “तुझा गुडघा फक्त चौकारांना बरा असतो.” आणि गेला. हे त्याचं शेवटचं वाक्य. ‘आता काही बाकी नाही’ वगैरे मी बनवलं.

दहा षटकांनी मी गेलो नाही. सामना रंगला. शेवटचा चेंडू पडला तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. मग निघालो.

तो पुलाखाली नव्हता, वरच्या अंगाला विलोच्या झाडाखाली होता. झाडाला टेकून बसलेला, पाय पाण्यात. गवत कापणाऱ्या एका बाईने त्याला साडेपाचला तसा बसलेला पाहिला होता. तिला वाटलं, साहेब आराम करतोय. मी लांबून हाक मारली. मग जवळ गेलो आणि मला कळलं. त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि कळलं.

पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. काठी त्याच्या मांडीवर आडवी होती आणि दोरी पाण्यात ताणलेली. दोरीला मासा होता. लहानसा, माझ्या वितीएवढाही नसेल. जिवंत होता, पण दमून आडवा पडत होता. वहिनी, मी आधी मासा सोडवला. हात भिजवले. गळ काढला. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून बसलो. तो सावरेना. मी धरूनच होतो, पाच मिनिटं, कदाचित दहा. शाम दोन हातांवर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून मासा धरून बसलो होतो. कारण मासा सोडला की मला वळावं लागणार होतं. शेवटी तो गेला. मग मी वळलो, मग ओरडलो.

डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वीच गेला असावा, फार वेळ लागला नसेल. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मला माहीत नाही.

त्या रात्री मी वही उघडली. शेवटचं पान कोरं होतं. तुमच्यासमोर ते कोरं ठेवायचं माझ्याच्याने झालं नाही. म्हणून मोठा मासा लिहिला. आम्ही दुसऱ्या बोटीवर एकत्र असताना मी खोटे लॉग भरायचो, त्याने मला दोनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही पकडलंत.

पाटी उलटी करून स्वयंपाकघरामागे ठेवली आहे. 

निशिकांत


क्वीन्सटाउन
१४ जुलै २०२४

निशिकांत भाऊजी,

सामना कोण जिंकलं?

खरंच विचारते. इतक्या मोठ्या किमतीचा सामना, निकाल तरी कळू द्या.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग आला. दुसऱ्यांदा माशाचा. तिसऱ्यांदा त्या गवत कापणाऱ्या बाईचा, आणि तिथे मी थांबले, कारण चौथ्यांदा कोणाचा येणार होता ते मला दिसायला लागलं होतं.

तुम्ही आधी मासा सोडलात हे त्याला आवडलं असतं. वर तुम्ही हात भिजवलेत की नाही हेही विचारलं असतं. मला आवडलं नाही. मला वाटलं, माझ्या नवऱ्याकडे पाठ करून हा माणूस वीतभर माशाची सेवा करत बसला. पण काय करायला हवं होतं, हे मला सांगता येईना. मी त्या जागी असते तर बहुधा त्याचे मोजे ओले झाले म्हणून ओरडत बसले असते.

आता माझं लिहिते. तुम्ही चार पत्रांनी लिहिलंत, मी सव्वा वर्षाने.

गेल्या वर्षी २८ मार्चला इथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या हृदयाचे रिपोर्ट समोर ठेवले. मी शेजारच्या खुर्चीवर होते. बाई म्हणाल्या, दोन आठवड्यांत स्टेंट घालायचा. डोंगर नको, थंड पाणी नको, एकट्याने कुठे जाणं नको. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मला नीट समजलं. मला इंग्रजी समजत नाही असा बहाणाही मला करता येत नाही.

बसने घरी आलो. तो कपडे न बदलता खाली गवतावर गेला आणि अर्धा तास दोरी फेकून आला. म्हणाला, “कुमुद, तिकीट काढलेलं आहे. एवढी ट्रिप करतो. आल्यावर घालू काय घालायचं ते.” मग म्हणाला, “तन्वीला बोलू नकोस. निशीला तर नकोच. तो मला नदीवर एकटं सोडणार नाही, डोक्यावर बसेल.”

मी या माणसाशी छत्तीस वर्षं मिठावरून भांडले. पंख्याच्या वेगावरून भांडले. त्या दिवशी मी भांडले नाही. तन्वीला वाटेल, आईने पप्पांचा आनंद हिरावला नाही. तुम्हीही तसंच काहीतरी सुंदर म्हणाल, म्हणून आधीच सांगते: तसं नव्हतं. मला कंटाळा आला होता. हॉस्पिटलमध्ये चार तास बसून पाय सुजले होते, भात लावायचा होता, आणि हा ऐकणार नाही हे माहीत होतं. मी म्हटलं, “करा तुम्हाला काय करायचं ते.” बॅग मीच भरली. लोकरीच्या मोज्यांचे चार जोड, आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या डाव्या कप्प्यात. त्या त्याने नदीवर नेल्या नव्हत्या. चंदीगडला बॅग उघडली तेव्हा पाकीट न फोडलेलं होतं. ते मी तुमच्यादेखत पर्समध्ये टाकलं. तुम्हाला वाटलं, मी रुमाल शोधतेय.

तेव्हा हिशेब असा दिसतो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही टीव्ही बंद करून त्याच्या मागे गेला असतात. तुमचा गुडघा, तुमचे चौकार, सगळं मला माहीत आहे, आणि तरीही तुम्ही गेला असतात याची मला खात्री आहे. तुम्हाला कळू दिलं नाही ते त्याने आणि मी. तुम्ही गेला नाहीत ते अज्ञानाने. मी अडवलं नाही ते समजून उमजून. चार महिने मी तुम्हाला विचारत होते की तुम्ही कुठे होतात. फार सोयीचा प्रश्न होता तो. मी कुठे होते, हे मग कोणी विचारत नाही.

हे वाचून मला धीर द्यायला फोन करू नका. मीही तुम्हाला धीर देत नाहीये. खरं काय झालं एवढंच लिहितेय. त्यातून ज्याला जेवढं हलकं वाटेल तेवढं वाटू दे.

काल तन्वीला सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाली, “आई, तू मला सांगायला हवं होतंस.” ती एरवी, चिडली तरी, इंग्रजीतच बोलते; मराठीत बोलली तेव्हा मला जेवढं लागायचं तेवढं लागलं. आज सकाळी कामावर जाताना तिने माझ्या चहाचा कप पुसून ठेवला होता. बघू.

वही मी माझ्याजवळ ठेवतेय. एकशे एकोणिसाव्या नोंदीवर मी काही खरडलं नाही, ती तुमच्या हातची आहे. चूक दुरुस्त कशी करतात ते तुम्हाला माहीत आहे: खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, वरून एकच रेघ, खाली खरं, बाजूला सही. ती रेघ तुम्ही माझ्यासमोर मारायची. लांबी सेंटिमीटरमध्ये.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येतेय. पाऊस सरून पाणी निवळायला तेवढे दिवस लागतात, असं वहीत आहे. एकटीच येतेय, तन्वीला सुट्टी नाही, आणि मला वाटतं तिला इतक्यात माझ्याबरोबर प्रवास करायचाही नाही. चंदीगडहून वर यायला गाडी सांगून ठेवा. जेवायला मासा नसेल, याची मनाची तयारी करून येते.

मला त्या विलोच्या झाडाखाली बसायचंय. फार वेळ नाही. मला त्रेसष्ट पूर्ण झालीत, आणि तुमच्या भिंतीवर नियम लावलाय, म्हणजे तुम्हाला बरोबर यावं लागेल. गुडघा दुखत असेल तर हळू चालू. सामना असेल तर तो आपल्याशिवाय होईल.

कुमुद